मुरलेली तंबाखू

लोणचें मुरलें कीं नाहीं, हें बरणीचें झांकण उघडतांच आमची आजी नुसत्या वासावरून सांगत असे. कालच घातलेल्या लोणच्यांत मीठ वेगळें, मोहरी वेगळी आणि कैरीचा आंबटपणा वेगळा लागतो. महिन्या-दीड महिन्यानें या तिघांचा संसार एक होतो आणि मग त्या पदार्थाला स्वतःची अशी चव येते. जुने तांदूळ, जुना गूळ, वैद्याच्या घरचें जुनें तूप हे सर्व ज्या समाजाच्या रोजच्या बोलण्यांतले विषय आहेत, त्याला काळ हाहि एक आचारी आहे हें निराळें शिकवावें लागत नाहीं. तंबाखूच्या बाबतींत मात्र आपली समजूत बरोबर याच्या उलट. चुन्याबरोबर तळहातावर मळावयाची ती झणझणीत हवी. चंचींत पडून राहून तिचा जोर गेला कीं ती टाकून द्यावयाची. म्हणून पाइप ओढणारे शौकीन लोक वीस-वीस वर्षें न उघडलेले डबे कपाटांत जपून ठेवतात, आणि त्या डब्यांवरील सालाचा आंकडा द्राक्षासवाच्या बाटलीवरील आंकड्याप्रमाणें एकमेकांस अभिमानानें दाखवितात, हें प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटतें.

मलाहि तें वाटलें होतें. माझ्या अध्यापकीच्या पहिल्या वर्षांत आमच्याकडील एक वृद्ध प्राध्यापक निवृत्त झाले. जातांना त्यांनीं आपलीं पुस्तकें ग्रंथालयास दिलीं आणि इंग्लंडांत तयार झालेल्या तंबाखूचा एक बंद डबा माझ्या हातीं ठेवला. "हा उघडूं नका, दहा वर्षांनीं उघडा," असें त्यांनीं सांगितलें. त्या डब्याचें पुढें काय झालें तें शेवटीं येईल. तूर्त प्रश्न असा, कीं तंबाखू मुरवावी हें प्रथम कोणाला सुचलें? मीं या विषयाच्या मागें लागून बरेंच वाचलें, आणि माझें मत असें झालें कीं तें कोणालाच सुचलें नाहीं. समुद्र, जकात आणि कायदा यांनीं तंबाखूला थांबावयास लाविलें. तिच्या मालकांनीं त्या खोळंब्याबद्दल यथेच्छ कुरकुर केली. आणि फार उशिरां कोणाच्या तरी ध्यानांत आलें कीं थांबलेली तंबाखू अधिक गोड लागते.

शेतांत उभ्या असलेल्या तंबाखूच्या पानाला शौकिनास ओळखीचा वाटेल असा वासच नसतो. तें चिकट, हिरवें आणि कडवट पान उन्हांत घाईनें वाळविलें तर त्याला वाळलेल्या गवताचा दर्प येतो आणि त्याचा धूर जिभेला चावतो. पान तोडल्यावरहि कांहीं दिवस जिवंत असतें, आणि त्या अवधींत आपल्यांतील पिष्टाची साखर करून तीवर जगतें. हिरवा रंग जातो आणि त्याच्याआड दडलेला पिवळा वर येतो. पान हळूहळू मरूं देण्याच्या या क्रियेंतच पुढील चवीचें बीज असतें. पण बीज म्हणजे फळ नव्हे. तेथून पुढें खरा काळ लागतो.

तो काळ प्रथम दिला अटलांटिक महासागरानें. जॉन रॉल्फ यानें १६१२ च्या सुमारास व्हर्जिनियांत वेस्ट इंडीजकडील गोड जातीचें बीं लाविलें, आणि थोड्याच वर्षांत त्या उपाशी वसाहतीचें सारें अर्थकारण या एका पानावर उभें राहिलें. पानें वाळलीं कीं दमट हवेचा दिवस पाहून तीं खालीं काढावयाचीं, कारण कोरडीं असतांना हात लाविला तर भुगा होतो आणि फार ओलीं भरलीं तर कुजतात. हा मधला क्षण ओळखणें ही मळेवाल्यांची मोठी विद्या होती. मग 'हॉग्सहेड' नांवाच्या प्रचंड लांकडी पिपांत तरफेच्या दाबानें पानें ठासून भरीत. अठराव्या शतकांत अशा एका पिपांत हजार पौंड तंबाखू मावे. तें पीप आडवें करून, त्याला घोडे किंवा बैल जुंपून, लाटण्यासारखें लोटीत धक्क्यापर्यंत नेत. त्या वाटांचीं 'रोलिंग रोड' हीं नांवें अमेरिकेंत अद्याप चालू आहेत. १७३० च्या कायद्यानें प्रत्येक पीप सरकारी वखारींत नेऊन फोडून दाखविणें आवश्यक झालें. वाईट माल तेथेंच जाळीत. चांगल्याबद्दल जी पावती मिळे ती त्या प्रांतांत चलनी नोटेप्रमाणें फिरे. म्हणजे पाद्र्याचा पगार आणि सावकाराचें व्याज ज्या कागदानें भागत होतें, त्याच्यामागें वखारीच्या काळोखांत एक पीप स्वस्थ मुरत पडलेलें असे!

वखार, जहाजाचा तळ आणि पुन्हां लंडनची किंवा ग्लासगोची वखार, अशा प्रवासांत महिनेच्या महिने जात. दाबलेल्या पानांत ऊब धरे, तीं ओलावा सोडीत, आणि पीप उघडल्यावर अमोनियाची तिखट वाफ बाहेर पडे. व्यापारी त्याला "तंबाखूला घाम आला" असें म्हणत. वसंतांत व उन्हाळ्यांत हा घाम विशेष येतो, हें त्यांच्या अनुभवाचें होतें. परंतु व्यापाऱ्याच्या वहींत या काळाच्या नांवें फक्त व्याज आणि वजनाची घट मांडलेली असे. चवीचा जमाखर्च मांडण्याची सोय त्या वहींत नव्हती.

येथें आपल्या दख्खनची आठवण करणें प्राप्त आहे, कारण मोगल दरबारांत तंबाखू गेली ती विजापुराहून. अकबराचा वकील असद बेग यानें ती तेथें प्रथम पाहिली, आणि १६०४-०५ च्या सुमारास रत्नजडित नळीसह ती आग्र्यास नेऊन बादशहापुढें ठेविली. अकबरानें कुतूहलानें एक-दोन झुरके घेतले. हकीमांनीं मोडता घातला, कीं ज्याचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाहीं तें औषध बादशहास कसें द्यावें? असद बेगानें यावर हुज्जत घातली खरी, पण अकबरानें पुन्हां नळीला तोंड लाविलें नाहीं. १६१७ साली जहांगिरानें तंबाखूवर बंदी घातली, आणि अशा बंद्यांचें जें होतें तेंच तिचें झालें. पुढें उत्तर हिंदुस्थानांतील हुक्केवाल्यांनीं जें केलें तें मात्र अभ्यासण्यासारखें आहे. तंबाखूंत काकवी, बोरें-सफरचंदांसारखीं फळें आणि मसाले कुटून घालावयाचे, आणि तें मिश्रण मडक्यांत भरून जमिनींत पुरून ठेवावयाचें. त्यास 'खमीरा' म्हणतात. खमीर म्हणजे आंबवण. इंग्रज व्यापाऱ्याला जो खोळंबा वाटत होता, तो आपल्याकडच्या कारागिरानें बुद्ध्या योजिला, ही गोष्ट पाइपच्या इंग्रजी इतिहासांत क्वचितच नमूद झालेली आढळते.

इंग्लंडांत ही जाण वखारींतून आली नाहीं. ती खलाशांच्या हातांतून आली. आरमारांतील खलाशांस पानांची तंबाखू जकातीशिवाय मिळे. पानें एकावर एक ठेवून, त्यांवर रमचे चार थेंब शिंपडून, तीं जाड कापडांत गुंडाळावयाचीं आणि बाहेरून डांबरी दोरीचे वेढे जीव खाऊन आवळावयाचे. मधें फुगीर व टोंकांस निमुळती अशी ही कांडी कित्येक आठवडे तशीच ठेवीत, आणि मग चाकूनें तिच्या चकत्या पाडीत. ज्याची कांडी जुनी त्याच्याभोवतीं मित्र अधिक, असें झालें असल्यास नवल नाहीं. बाजारांतील 'नेव्ही कट' हें नांव या चकत्यांवरूनच पडलें असें सांगतात.

दुसरी मदत केली पार्लमेंटनें, आणि तीहि नकळत. तंबाखूवरील जकात वजनावर होती; तेव्हां कारखानदार साखर, मध, काकवी असलें जड व स्वस्त सामान तींत मिसळून सरकारास बुडवीत. १८४२ च्या कायद्यानें या मिसळणीस बंदी झाली. १८६३ साली जकातखात्याच्या देखरेखीखालील वखारींत गोड तंबाखू करण्याची मुभा मिळाली, तरी सामान्य इंग्रज कारखानदाराजवळ पान, पाणी, उष्णता, दाब आणि काळ एवढींच साधनें उरलीं. अमेरिकन कारखानदार पानाला ज्येष्ठमधाचा आणि साखरेचा पाक पाजून एका आठवड्यांत गोड करी. इंग्रजाला तीच गोडी पानाच्या पोटांतून काढावी लागे. म्हणून तो पानें वर्षानुवर्षें ठेवी, त्यांच्या लाद्या दाबी, लाद्या पुन्हां ठेवी आणि मग कापी. इंग्रजी तंबाखूच्या शुद्धतेचें कौतुक करणाऱ्यांनीं महसूलखात्याच्या या कृपणपणाचेहि आभार मानले पाहिजेत.

पण पानाच्या पोटांत गोडी मुळांत असावयास हवी, आणि ती तेथें ठेवणाऱ्या माणसाचें नांव या इतिहासांत फार खालीं लिहिलेलें असतें. १८३९ साली नॉर्थ कॅरोलायनांतील कॅस्वेल तालुक्यांत अबिशा स्लेड याच्या मळ्यावर स्टीफन नांवाचा एक गुलाम तंबाखूच्या कोठारांतील जाळ राखीत बसला होता. रात्रीं त्याला झोंप लागली. जाग येऊन पाहतो तों जाळ विझत आलेला आणि पाऊस-वाऱ्याची रात्र. घाबरून तो लोहारभट्टीकडे धांवला आणि तेथील कोळसा आणून त्यानें विझत्या आगींत टाकला. एकाएकीं कडक, कोरडी ऊब उठली, आणि सकाळीं पाहतात तों पानें सोन्यासारखीं पिवळीं झालेलीं. पुढें म्हातारपणीं स्टीफननें स्वतः ही हकीकत सांगितली. तिच्यांत कथेचा थोडा अंश असेलहि, कारण कोळशाच्या आंचेचे प्रयोग त्यापूर्वींहि कोठें कोठें झाले होते. परंतु पिवळ्या पानाची पद्धति रूढ झाली ती स्लेडच्या मळ्यापासून, यांत वाद नाहीं. तिचें मर्म असें, कीं कडक आंचेनें पान मधेंच मरतें आणि आपलीच साखर खाऊन टाकण्यास त्याला सवड मिळत नाहीं. साध्या हवेवर वाळविलेल्या पानांत साखर जवळजवळ उरत नाहीं. या पिवळ्या पानांत ती शेंकडा वीसपर्यंतहि असूं शकते. मुरण्याच्या क्रियेचें तें भांडवल होय. लंडनच्या क्लबांत बसून जुन्या व्हर्जिनियाची महती गाणारांनीं शंभर वर्षें ज्याचें व्याज खाल्लें, तें भांडवल ज्यानें ठेविलें तो माणूस त्या दिवशीं स्वतः दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादींत होता. त्याला आडनांवहि नव्हतें.

आतां जेथें मुरविणें हीच सारी कला आहे अशा एका गांवीं जाऊं. लुइझियानांत मिसिसिपी नदीच्या कांठीं सेंट जेम्स नांवाचा परगणा आहे. ब्रिटिशांनीं १७५५ पासून नोव्हा स्कोशियांतून ज्या फ्रेंच अकेडियन लोकांस घराबाहेर काढलें, त्यांच्यांतील बरेच भटकत भटकत येथें येऊन राहिले. त्या भागांतील चोक्टॉ व चिकासॉ इंडियन लोक पोकळ ओंडक्यांत तंबाखू दाबून ठेवीत. ती युक्ति पिएर शने या अकेडियन शेतकऱ्यानें उचलली आणि १८२४ च्या सुमारास तिला व्यापारी रूप दिलें, अशी तेथील परंपरा आहे. त्याच्याच टोपणनांवावरून या तंबाखूस 'पेरीक' म्हणतात असेंहि सांगतात.

पेरीकची कृति आमच्या आजीला सांगितली असती तर तिनें ती एका क्षणांत ओळखली असती. वाळलेलीं पानें किंचित् ओलीं करून त्यांच्या मधल्या शिरा काढून टाकावयाच्या. उरलेल्या पानांच्या पीळ दिलेल्या जुड्या बांधावयाच्या. व्हिस्कीचीं रिकामीं ओकचीं पिपें आणून त्यांत या जुड्या ठासावयाच्या आणि वरून स्क्रूचा दाब द्यावयाचा, इतका कीं पानांतून त्यांचाच रस सुटून वर यावा. लोणच्यावर खार वर आला नाहीं तर तें बिघडतें; पेरीकचेंहि तसेंच. रसाखालीं हवा पोंचत नाहीं, आणि त्या निर्वात काळोखांत यीस्टसारखे सूक्ष्म जीव कामाला लागतात. कांहीं महिन्यांनीं दाब सोडून जुड्या बाहेर काढतात, हातांनीं मोकळ्या करतात, हवा दाखवितात. सुटलेला रस पानें पुन्हां पिऊन घेतात आणि काळीं होतात. मग खालच्या जुड्या वर व वरच्या खालीं करून पुन्हां दाब. असें निदान तीनदां. वर्षभरानें जें बाहेर येतें तें काळेंभोर, तेलकट, शिजविलेल्या आलुबुखाराच्या, अंजिराच्या आणि थोड्या शिर्क्याच्या वासाचें असतें. तें नुसतें ओढणें बहुतेकांस झेपत नाहीं. मिरपुडीसारखें तें व्हर्जिनियाच्या पानांत थोडेंसें घालतात, आणि मग तें मिश्रण डब्यांत पुन्हां मुरूं लागतें.

लंडनमधील तंबाखूचा प्रसिद्ध दुकानदार आल्फ्रेड डनहिल यानें १९०७ साली जें दुकान उघडलें तें ड्यूक स्ट्रीटवर, सेंट जेम्स नांवाच्याच वस्तींत. एका सेंट जेम्समध्यें पेरीक दाबणाऱ्याचे हात कोपरापर्यंत काळे होत, दुसऱ्या सेंट जेम्समध्यें ती चिमटीनें तोलली जाई. योगायोग एवढाच, पण मला तो विसरवत नाहीं. विसावें शतक संपतां संपतां त्या परगण्यांत पेरीकचें पीक इनेगिनें शेतकरीच घेत होते आणि ही विद्या त्यांच्याबरोबर जाईल अशी भीति उत्पन्न झाली होती. नंतर कांहीं नवें गिऱ्हाईक मिळाल्यानें ती तगली.

हें सारें होतें तरी कसें, यावर शास्त्रज्ञांत एक मौजेचा वाद झाला. १८९१ साली सुखश्लांड या जर्मन संशोधकानें जाहीर केलें कीं चव हें जंतूंचें कार्य आहे. त्यानें वेस्ट इंडीजकडील उत्तम तंबाखूवरचे जंतू घेऊन ते जर्मन पानांस टोंचले आणि पानें सुधारलीं असें सांगितलें. उत्तम घरचें विरजण मागून आणलें कीं कोणत्याहि दुधाचें उत्तम दहीं होतें, अशीच ही कल्पना! १८९९ साली अमेरिकेच्या शेतकीखात्यांतील ऑस्कर लोव्ह यानें उलट प्रतिपादन केलें, कीं मुरणाऱ्या पानांवर जंतूंस जगण्यापुरता ओलावाच नसतो. पानांतील स्वतःचे विकर हवेंतील प्राणवायूच्या साहाय्यानें हें घडवितात. आज पाहतां दोघांच्याहि पदरांत सत्याचा वांटा पडलेला दिसतो. पेरीकच्या पिपांत किंवा सिगारच्या पानांच्या ढिगांत जंतूंचें काम मोठें आहे. साध्या डब्यांतील पिवळ्या पानांत तिसरीच एक क्रिया प्रमुख आहे, जी त्या दोघांनाहि ठाऊक नव्हती. फ्रेंच रसायनज्ञ मेयार यानें ती १९१२ साली वर्णिली. साखर आणि अमिनो आम्लें यांचा संयोग होऊन तांबूस, खमंग द्रव्यें तयार होतात. पोळीवरचे डाग आणि आटीव दुधाचा बदामी रंग यांचें कारण तेंच. तव्यावर जें एका मिनिटांत होतें तें बंद डब्यांत, चुलीशिवाय, पंधरा-वीस वर्षें चालतें. म्हणून पिवळी तंबाखू डब्यांत काळवंडत जाते आणि तिची चावरी गोडी मनुकांसारखी गंभीर होते. उलट सायप्रसकडील धुरावलेली लटाकिया जुनी झाली कीं तिचा धूरकट ताठा ओसरतो. जुनें तें सोनें हें सर्वच पानांस लागू नाहीं. लटाकियाच्या भोक्त्यांनीं फार थांबूं नये.

आणखी एक द्रव्य आहे. गाजराला रंग देणाऱ्या जातीचीं जीं पिवळीं द्रव्यें पानांत असतात, तीं सावकाश तुटून त्यांतून सुगंधी द्रव्यें निपजतात. त्यांपैकीं दमास्केनोन हें एक. रसायनज्ञांस तें प्रथम बल्गेरियाच्या गुलाबाच्या तेलांत सांपडलें, आणि पुढें लवकरच तंबाखूंतहि.

येथवर वाचून एखाद्या तरुण वाचकास हा छंद निर्दोष वाटावयास लागला असेल, तर दोष माझा. १९५० साली डॉल आणि हिल यांनीं धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. पाइपवाले त्यावर, "आम्ही धूर गिळत नाहीं" असें म्हणून निश्चिंत राहिले. त्यांच्या वांट्याला ओंठ, जीभ आणि घसा यांचे रोग आले. शिवाय ज्या काळानें चव येते त्याच काळाचें दुसरें एक अपत्य आहे. तंबाखूंतील नायट्रोसमाइनें हीं कर्करोगकारक द्रव्यें शेतांतल्या हिरव्या पानांत जवळजवळ नसतात. वाळविणें, आंबविणें आणि सांठविणें यांच्या ओघांत तीं निकोटीनापासून व त्याच्या भाऊबंदांपासून तयार होतात. आचारी एकच, आणि एकाच चुलीवर त्यानें दोन्ही पदार्थ शिजविले. ज्यांनीं मला डबा दिला ते प्राध्यापक निवृत्तीनंतर चौथ्या वर्षीं जिभेच्या कर्करोगानें गेले. शेवटचे दोन महिने त्यांना बोलतां येत नव्हतें. जन्मभर ज्यांनीं बोलून पोट भरलें ते पाटीवर लिहून पाणी मागत.

दहा वर्षांनीं मला तो डबा उघडवला नाहीं. उघडला तो गेल्या वर्षीं, घराला रंग द्यावयाच्या वेळीं. झांकण सैल करतांच आंत हवा शिरल्याचा बारीक आवाज झाला. मुलगी म्हणाली, "बाबा, मनुकांचा वास येतोय." वास मनुकांचा होता, आणि थोडा, अगदीं मागें, गुलाबाचाहि, हें मीं वाचलें होतें म्हणून मला भासलें असेल. चकत्या तपकिरी-काळ्या पडल्या होत्या. पाइप मीं पूर्वीच सोडलेला असल्यामुळें त्या कोणास द्याव्या हा प्रश्न पडला. ज्याला द्यावी असा कोणी शत्रु आठवेना आणि मित्रास देववेना. शेवटीं माळ्याच्या सल्ल्यानें त्या एका बालदीभर पाण्यांत रात्रभर भिजत घातल्या आणि गाळलेलें पाणी अंगणांतल्या गुलाबावर पडलेल्या माव्यावर शिंपडलें. दुसऱ्या दिवशीं मावा मेलेला होता.